परत न दिलेली ओळ

आमच्या चर्चच्या मंडळीत गाण्याचं पुस्तक कुणाच्या हातात नसतं. पुढं उभा असलेला माणूस ओळ देतो, भरभर, एका दमात. बाकीचे ती परत देतात, ओढून ओढून, एकेका अक्षरावर चढण चढल्यासारखं. ओळ परत द्यायला विचार करावा लागत नाही. कानावर पडली की छाती आपोआप भरते आणि तोंड उघडतं. लहानपणापासून सगळ्यांचं तसंच आहे.

तंबाखूची कापणी सुरू व्हायच्या आदल्या रविवारी ओळ ब्रदर कार्लिन देत होता. वसंत ऋतूपासून तोच देत होता. त्याआधी ईनॉककाका देत. पण हिवाळ्यात त्यांचा घसा बसला तो परत उघडला नाही. कार्लिन मूळचा याच खोऱ्यातला, पण बरीच वर्षं ओहायोच्या कारखान्यांत राहून आलेला. उंच, स्वच्छ दाढी केलेला, गोड गळ्याचा. काकांनी त्याला पुढं उभं केलं आणि स्वतः भिंतीशी जाऊन बसले.

मंचापुढच्या टेबलावर वर्षातून एकदा प्रभुभोजनाची भाकर ठेवतात. आता तिथं एक कुबडी पडली होती, एक कमरेचा पट्टा, औषधाच्या काही बाटल्या आणि सिस्टर लेटीचा जाड भिंगांचा चष्मा. ज्यांना प्रभूनं बरं केलं त्यांनी या वस्तू तिथं ठेवल्या होत्या. म्हणजे कार्लिन तसं म्हणत होता.

डेल्फिया टॅकेट बायकांच्या बाजूला, खिडकीजवळ बसली होती. पलीकडे पुरुषांच्या बाकावर तिचा नवरा होबर्ट. गाणं जुनं होतं, पुराचं.

"पाणी चढे गळा, पैलतीर दूर," कार्लिननं ओळ दिली. सगळ्यांनी परत दिली.

"प्रभू, माझ्या नावेला वेढी महापूर." तीही दिली.

"दोरी जो धरील, तो तुला मुकेल."

डेल्फियानं ओळ उचलली. दोरीच्या 'दो'वर आवाज वर नेला, तिथं थोडा वळवला, खाली आणला. 'मुकेल'पर्यंत आली तेव्हा तिला कळलं की आपण काय गातोय. जुनी ओळ ही नव्हती. जुनी ओळ होती, 'दोरी तू टाकशील, मी ती धरीन.' तिची आई धुणं धुताना तीच म्हणायची. तिनं तोंड मिटलं, पण ओळ गाऊन झाली होती. आजूबाजूला बायका डोळे मिटून डोलत होत्या.

"विश्वासाविण तो तळाशी जाईल," कार्लिननं पुढची ओळ दिली, आणि सगळं प्रार्थनाघर तळाशी गेलं.

तेवढ्यात होबर्ट उठला. कोटाच्या खिशातून त्यानं गोळ्यांची बाटली काढली आणि टेबलावर चष्म्याशेजारी ठेवली. त्याचा चेहरा ओला झाला होता. कार्लिननं त्याला मिठी मारली.

"ब्रदर होबर्ट," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यंदा तुला कुणी खाली गाडीवर उभं करणार नाही."

पुरुषांतून 'आमेन' उठला. डेल्फियाच्या हातातला रुमाल तसाच राहिला.

तरुणपणी लाकूडतोडीत एक फांदी होबर्टच्या डोक्यावर पडली होती. तेव्हापासून त्याला फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यावर त्या थांबल्या. डॉक्टरनं दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: गोळी चुकवायची नाही, उंचावर चढायचं नाही. पहिली त्यानं सहज पाळली. दुसरी त्याला खात राहिली. तंबाखूची ताटं काठ्यांवर टांगून वाळवायच्या कोठारात वाशांचे थर असतात, एकावर एक, पार पत्र्यापर्यंत. सगळ्यात वरच्या थरावर, दोन वाशांवर दोन पाय फाकून जो उभा राहतो, त्याच्याकडे लोक मान वर करून बघतात. एकेकाळी ती जागा होबर्टची होती. नंतर तो गाडीवर बायकांबरोबर उभा राहून काठ्या वर द्यायचा. कुणी काही बोलायचं नाही. पण "होबर्ट, वारा कसा आहे रे खाली?" असं वरून कुणीतरी ओरडायचंच.

*

सोमवारी कापणी लागली. उन्हानं पानं पिवळट पडली होती आणि देठांतून चीक येत होता. होबर्ट वाकून आखूड कोयतीनं बुंधा तोडायचा, ताट उचलायचा, काठीच्या टोकावर बसवलेल्या पोलादी भाल्यावर ते आरपार खुपसायचा. काठी भरली की पुढची. डेल्फिया पुढं चालत रिकाम्या काठ्या टाकत होती. दुपारपर्यंत दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. तो चीक साबणानं जात नाही. हिरव्या टोमॅटोच्या रसानं थोडा जातो.

बांधावर बसून त्यांनी मक्याचा पाव आणि ताक घेतलं.

"खिडकीत बाटलीची जागा मोकळी दिसते," ती म्हणाली.

"दिसू दे."

"डॉक्टर म्हणाले होते, एकदम सोडली तर..."

"डॉक्टर काय म्हणाले ते मला पाठ आहे, डेल्फी. बावीस... किती वर्षं झाली ते मोजतही नाही मी आता. रोज सकाळी उठून स्वतःला सांगायचं, तू अर्धा माणूस आहेस, घे गोळी. आता ते नाही करायचं."

"तुला अर्धा माणूस कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला लागतं?"

तिनं ताकाचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "त्यानं ओळ बदलली. ऐकलंस?"

"कुठली?"

"दोरीची."

होबर्टनं ताकाचा शेवटचा घोट घेतला आणि कोयती दगडावर घासायला लागला. "ओळ ती ओळ. तो देतो, आपण घेतो."

होबर्टची थोरली बहीण ओमा शेजारच्या घरात एकटी राहायची. संध्याकाळी ती भाजीच्या शेंगा सोलायला घेऊन आली आणि पायरीवर बसली.

"लेटी आज माझ्या कुंपणाशी येऊन माझ्या गायीला 'देवाची शांती, सिस्टर' म्हणाली," ती म्हणाली. "गाय बिचारी ओशाळली."

डेल्फियाला हसू आलं नाही.

"हसू नको, बरोबर आहे. काल चुलीवर हात भाजून घेतलाय तिनं. विचारलं तर म्हणते, मला सगळं लख्ख दिसतं. खोटं बोलायला लावलंय म्हातारीला." ओमानं शेंगेचा दोरा ओढून फेकला. "आणि त्या कार्लिनचा पुढचा बसवलेला दात बघितलास? चकाकतो कसा. तो काय प्रभूनं रात्रीतून उगवून दिला?"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी डेल्फिया ईनॉककाकांकडे गेली. ते ओसरीवर झुलत्या खुर्चीत होते, गळ्याला फडकं गुंडाळलेलं. बोलले तर वाळक्या पानांसारखा आवाज यायचा.

"काका, पुराच्या गाण्यातली ओळ तुम्ही मला शिकवली. ती कशी आहे?"

त्यांनी खाली बघितलं. "कशी आहे ते तुला माहीत आहे."

"मग त्या दिवशी तुम्ही भिंतीशी बसून का ऐकलीत?"

"तरुण माणूस आहे. लोक येताहेत. बाक भरताहेत, पोरी. किती वर्षांनी."

"होबर्टनं गोळ्या ठेवल्या टेबलावर."

काकांनी खुर्ची थांबवली. ते हातातल्या काठीची मूठ पुसत राहिले. मग म्हणाले, "सैतानानं प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेलं होतं. म्हणाला, टाक उडी, देवदूत झेलतील. शास्त्रातलंच वचन दाखवलं त्यानं. खोटं नव्हतं वचन."

"आणि प्रभूनं उडी टाकली नाही."

"नाही. म्हणाला, देवाची परीक्षा बघायची नाही."

"मग हे रविवारी उठून सांगा की."

त्यांनी गळ्याच्या फडक्याला हात लावला. "कुणाला ऐकू जाणार?"

"पहिल्या बाकाला जाईल," डेल्फिया म्हणाली आणि पायऱ्या उतरली. फाटकाजवळ तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाशी आपण फार कडक बोललो. पण ती मागं वळली नाही.

तिथूनच ती गावातल्या दवाखान्यात गेली आणि गोळ्यांची नवी बाटली घेऊन आली. खिडकीत जुन्या जागी ठेवली. होबर्टनं बघितली आणि हात लावला नाही.

"घेतली तर मी प्रभूला खोटं ठरवीन," तो म्हणाला.

"प्रभूनं तुला कधी सांगितलं, घेऊ नको म्हणून? कार्लिननं सांगितलं. दोघं एक नाहीत."

"तू त्याच्यावर जळतेस."

बुधवारी सकाळी कॉफीचा कप उचलताना होबर्टच्या डाव्या हाताचा अंगठा उडाला. बेडकाच्या पायासारखा, दोनदा. त्यानं तो लगेच मुठीत धरला. तिनं बघितलं हे त्यानं बघितलं. तो कोयती घेऊन बाहेर गेला.

डेल्फियानं एक गोळी चमच्याखाली चिरडली. बशीत ताज्या पावावर घालायचा दाट पांढरा रस्सा होता. त्यात ती पूड सहज मिसळली असती. तिनं चमचा तसा धरून ठेवला. त्याला कळणार नाही. तो बरा राहील, वर चढेल, उतरेल, आणि रविवारी मंडळीसमोर साक्ष देईल की गोळीवाचून मी बरा झालो. मग लेटी चष्मा कधीच मागणार नाही. उद्या कुणी मधुमेहाचं औषध ठेवील, कुणी पोराच्या दम्याचं. तिनं पूड चुलीत झटकली. खोट्याला खोटं जोडून त्याचं खरं होत नाही, एवढं तिला कळत होतं. आणि ते कळल्यानं त्याच्या जिवाची भीती कमी होत नव्हती.

*

शुक्रवारी कोठार भरायचं होतं. ताटं रानात सुकून मऊ झाली होती. पश्चिमेच्या डोंगरामागं ढग जमत होते. भिजली तर पानं चिखलानं माखणार आणि काळी पडणार. आमच्याकडे कोठार भरायला मजूर लावत नाहीत. आज याच्याकडे सगळे, उद्या त्याच्याकडे. मंडळीतला वूड्रो आला, त्याचे दोघे भाऊ आले, आणखी घरांतले पुरुष आले. बाह्या दुमडून कार्लिनही आला. बायका स्वयंपाकाला लागल्या. चुलीवर घेवड्याच्या दाण्यांचं पातेलं होतं.

पहिली गाडी कोठारात उभी राहिली तेव्हा होबर्ट शिडीला हात घालून चढायला लागला. पुरुषांनी वाट दिली. वूड्रोनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

डेल्फिया हात पुसत आली आणि गाडीपुढं उभी राहिली.

"होबर्ट, खाली ये."

सगळे थांबले. होबर्ट मधल्या थरावर होता. वर अंधारात पत्रा तापून कडकडत होता.

"डेल्फी, आत जा."

"तो खाली आल्याशिवाय एक काठी वर जाणार नाही," ती बाकीच्यांना म्हणाली.

कार्लिन पुढं आला. त्याचा आवाज मवाळ होता. "सिस्टर डेल्फिया, भिऊ नका. विश्वास ठेवा. देवदूत त्याला हातांवर झेलतील, असं लिहिलंय."

"लिहिलंय. आणि ते वचन कुणी, कुणाला, कुठं उभं करून ऐकवलं तेही लिहिलंय. ते सांगता का यांना, ब्रदर?"

कुणीतरी खाकरलं. कार्लिनचा चेहरा जरा ताठ झाला.

"बाईनं मंडळीत गप्प राहावं, हेही लिहिलंय."

"ही मंडळी नाही. हे माझं कोठार आहे."

ओमा दारात उभी होती. ती मोठ्यानं हसली. त्या हसण्यानं घात केला. कार्लिननं टोपी उचलली.

"जिथं अविश्वास वाशाला वाळवीसारखा लागलाय, तिथं मी या भावांना चढू देणार नाही. उद्या कुणाला काही झालं तर? होबर्ट, तुझं दुःख मला कळतं. घर नीट कर, मग आम्ही येऊ."

तो निघाला. त्याच्यामागं एकेक जण निघाला. वूड्रो शेवटी राहिला. त्यानं ढगांकडे बघितलं, भरलेल्या गाडीकडे बघितलं, बूट जमिनीवर घासला.

"उद्या माझी कापणी आहे, डेल्फिया," तो म्हणाला. "मलाही माणसं लागतात." आणि गेला. त्याच्या बायकोनं घेवड्याच्या पातेल्यावर झाकण घातलं, ॲप्रन सोडून घडी करून खुर्चीवर ठेवला आणि नजर न देता नवऱ्यामागं चालू लागली.

कोठारात तिघं उरली. होबर्टचा आवाज वरून आला. "सगळ्यांसमोर मला पोर केलंस तू."

"मी? पाऊस येतोय हे बघूनही ते गेले. ते दिसलं नाही तुला?"

तो आणखी वर चढला आणि सगळ्यात वरच्या दोन वाशांवर पाय फाकून उभा राहिला. त्याच्या जुन्या जागी. "काठी द्या," तो म्हणाला.

डेल्फियानं भिंतीवरची नांगराची दोरी काढली, गळ्यात अडकवली आणि मधल्या थरावर चढली. तिथून तिनं दोरीचं टोक वर फेकलं.

"काखेखालून घे. दुसरं टोक खांबाला. बांधल्याशिवाय माझ्या हातून काठी येणार नाही."

"दोरी," होबर्ट म्हणाला. "म्हणजे गाणं ऐकलंच नाहीस तू."

"ऐकलं. म्हणून तर आणली."

बाहेर ढग गडगडला. तंबाखू गाडीवर होती, आणखी रानात होती. त्यानं शिवी दिली, लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या तोंडावर, आणि दोरी बांधली. तिनं खालून गाठ बघितली आणि आणखी एक गाठ मारायला लावली.

मग त्यांनी काम केलं. ओमा गाडीवरून काठी उचलून डेल्फियाला द्यायची, डेल्फिया ती डोक्यावरून होबर्टला. जड ताटं, पानांतून डोळ्यांत पडणारी रेती, चिकाचा कडू वास. हवा जागची हलत नव्हती. ओमाचं वय झालं होतं. ती दर काठीला कण्हायची आणि दर कण्हण्यानंतर कार्लिनच्या दाताबद्दल काहीतरी बोलायची. वरचा थर अर्धा भरला. पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर वाजले.

डेल्फियानं काठी वर धरली. ती कुणी घेतली नाही. तिनं मान वर केली. होबर्टचा डावा अंगठा उडत होता. मग मनगट. मग त्याचा चेहरा एका बाजूला ओढला गेला, आणि कोंबड्यासारखा एक आवाज त्याच्या छातीतून निघाला.

तो पडला. त्याची मांडी वाशावर आपटली, खांदा दुसऱ्या वाशावर, हाड मोडल्याचा आवाज आला, आणि दोरी ताणली गेली. तंबाखूच्या ताटांमध्ये तो लोंबत राहिला आणि त्याचं सगळं अंग झटके देत राहिलं. पानं त्याच्यावर झडत होती. डेल्फियाच्या हातातली काठी केव्हा सुटली तिला कळलं नाही. ती दोन वाशांवर पाय रोवून त्याच्याखाली गेली, त्याचं वजन छातीवर घेतलं, त्याचं तोंड कुशीला वळवलं. लाळेत रक्त होतं. त्याच्या टाचा तिच्या नडगीवर आपटत होत्या.

"ओमाताई, गाडी हलवू नका! तिथंच ठेवा!"

"आहे गं, इथंच आहे! धर तू त्याला!"

झटके थांबल्यावर दोघींनी दोरी वाशावरून हळूहळू सोडत त्याला खाली, गाडीतल्या उरलेल्या तंबाखूवर उतरवलं. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. रानातली तंबाखू भिजत होती. कुणी तिकडे बघितलं नाही.

खूप वेळानं होबर्टनं डोळे उघडले. जीभ सुजली होती.

"काठी पडली का?" त्यानं विचारलं.

डेल्फिया त्याच्या उशाशी गुडघ्यांवर बसली होती. "पडली," ती म्हणाली. मग तिनं तोंडावर काळे हात घेतले, आणि ती रडतेय की रागानं थरथरतेय हे ओमाला कळेना.

*

रविवारी ती तिघं मंडळीत गेली. होबर्टचा हात गळ्यात बांधलेला होता. त्यांच्या नेहमीच्या बाकांवर जागा मोकळी होती, आणि आजूबाजूच्या बाकांवरही.

कार्लिन उठला. दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, "प्रभूनं आपल्या भावाला बरं केलं होतं. पण एका हृदयातल्या अविश्वासानं ते दान परत नेलं. मी नाव घेत नाही."

"चांगलं झालं की ह्याचं, वाईट झालं की तिचं," ओमा म्हणाली. ती हळू बोलली असं तिला वाटलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

कार्लिननं डोळे मिटले आणि ओळ दिली. "दोरी जो धरील, तो तुला मुकेल."

छात्या भरल्या. सवयीनं तोंडं उघडली. पण आवाज आला तो विस्कटलेला, इथून थोडा, तिथून थोडा. त्यात होबर्ट उठला. एका हातानं बाकांना धरत तो टेबलापाशी गेला. कुबडी बाजूला केली. आपली बाटली उचलली, दातांनी झाकण काढलं, गोळी जिभेवर घेतली. कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीतून ओगराळं भरून घेतलं आणि प्यायला. घोट गिळताना सुजलेल्या जिभेनं त्याला त्रास झाला. सगळ्यांनी तो घोट उतरताना बघितला. ओळ मधल्याच अक्षरावर थांबली.

"दोरी जो धरील!" कार्लिननं पुन्हा दिली, मोठ्यानं.

कुणी परत दिली नाही. त्या प्रार्थनाघरात दिलेली ओळ परत आली नाही, असं कधी झाल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. खिडकीवर एक गांधीलमाशी आपटत होती, तेवढाच आवाज.

भिंतीशी ईनॉककाका उठले. गळ्याचं फडकं त्यांनी सोडलं. वाळक्या पानांचा आवाज आला. पहिल्या बाकापलीकडं गेला नसेल.

"दोरी तू टाकशील, मी ती धरीन."

ओळ देणं पुरुषांचं. परत देणं कुणाचंही. डेल्फियानं छाती भरून घेतली आणि ओळ परत दिली, एकटीनं, अख्खी, 'धरीन'च्या शेवटच्या वळणापर्यंत. तिचा गळा काही गोड नव्हता. दुसऱ्यांदा काकांनी दिली तेव्हा ओमा होती, होबर्ट होता, आणि मागून कुणीतरी. तिसऱ्यांदा बरेच होते. सगळे नव्हते. कार्लिन टोपी घेऊन मधल्या वाटेनं निघाला आणि काही घरं त्याच्याबरोबर उठून गेली. ती घरं अजून परत आलेली नाहीत. त्यांनी ओढ्यापलीकडे तंबू टाकलाय आणि तिथंही तसलंच टेबल आहे.

सिस्टर लेटी चाचपडत टेबलाशी आली. तिनं चष्मा लावला, सगळीकडे बघितलं, आणि म्हणाली, "अगंबाई, किती धूळ साचलीय इथं."

*

सोमवारी सकाळी वूड्रो आणि आणखी काहीजण कोठाराशी आले. रानातल्या तंबाखूतली अर्धी वाया गेली होती. उरलेली चिखल झटकून गाडीवर चढवायची होती. वूड्रोच्या बायकोनं पाव आणला होता.

"आम्हाला कुठं माहीत होतं, डेल्फिया," वूड्रो म्हणाला.

डेल्फिया काठ्यांचा भारा सोडत होती. तिनं मान वर केली.

"जुनी ओळ तुला माहीत होती, वूड्रो. तुझ्या आजोबांनी त्या प्रार्थनाघराचे वासे बसवले. नवी तुझ्या कानानं ऐकलीस. तोंडानं परत दिलीस. मीसुद्धा दिली. मग त्या दिवशी पाऊस येताना बघितलास आणि गेलास. माहीत नव्हतं म्हणू नको."

वूड्रोनं टोपी काढून हातात धरली. तिनं 'जाऊ दे' म्हटलं नाही. जेवायला सगळ्यांना वाढलं, ताक दोनदा विचारलं, पण 'जाऊ दे' म्हटलं नाही.

दुपारी वूड्रो वरच्या थरावर चढला. बाकीचे खालच्या थरांवर. होबर्ट गाडीवर ओमाशेजारी उभा होता, एका हातानं काठ्या तिच्याकडे सरकवत. काम सुरू झालं. मग गाडीवरून, सगळ्यात खालून, होबर्टनं ओळ दिली. त्याची जीभ अजून जड होती.

वरून ओळ परत यायला जरा वेळ लागला. आधी ते ऐकून घेत होते.